बोटीला जेट घ्यायचं की पंखा?
इंदूरहून बोट हनुवंतियालाच नेणार असशील, तर पंख्याची आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून लावायची) घे. तिथलं इंदिरा सागर धरणाचं पाणी अफाट आहे. तेवढ्याच पेट्रोलमध्ये पंखा जास्त लांब नेतो. शेवाळ अडकलं तर इंजिन बंद करून मोटर वर उचलायची आणि हाताने काढायचं. जेट पाणी आत ओढून मागे झोताने फेकतं; पाणी ओढायच्या जाळीत पिशवी बसली की जोरच जातो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठचे दगड मात्र सांभाळ.

पोरं सारखी पाण्यात उतरणार असतील तर जेटचा विचार जरूर कर, बाहेर फिरतं पातं नसतं. पण एक गोष्ट हाडात मुरवून घे: जेटची बोट झोताच्या जोरावर वळते. समोर काही दिसलं आणि घाबरून थ्रॉटल (म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण सोडलास, तर ती वळत नाही, सरळ जात राहते.