हवाईतल्या माउई बेटावरचा हाना गावाचा रस्ता एका दिवसात जाऊन-येऊन होतो का? माउईत पाच दिवस आहोत, बरोबर आई-बाबा आहेत.

होतो. पण माउईत तुमच्याकडे पाच दिवस आहेत असं लिहिलंय, म्हणून सांगतो: त्यातली एक रात्र हानात काढा. ते जमणार नसेल तर वाटेतल्या केआनाए गावापर्यंत जा, तिथे निवांत बसा आणि मागे फिरा. पहाटे निघून, सगळं बघून रात्री मुक्कामी परत, हा प्रकार मी एकदा केलाय. आई-बाबांना घेऊन तर मुळीच करू नका.

विमानतळ असलेल्या काहुलुईपासून हाना जेमतेम ८४ किलोमीटर, म्हणून माणूस फसतो. तेवढ्यात सहाशेच्या वर वळणं आहेत आणि ५९ पूल. त्यातल्या ४६ पुलांवरून एका वेळी एकच गाडी जाते. कुठेही न थांबता अडीच तास लागतात, आणि न थांबता जायचं तर मग जायचंच कशाला? पहिल्या खेपेला आम्ही बारा ठिकाणांची यादी घेऊन निघालो होतो. चौथ्या ठिकाणी बायकोला गाडी लागली. मी धबधब्यांपेक्षा घड्याळच जास्त बघत होतो. हानाच्या अलीकडे वाइआनापानापा उद्यानाला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि तिथला काळ्या वाळूचा किनारा न बघताच परतावं लागलं. बाहेरच्या लोकांना २०२१ पासून तिथे आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागते, हे मी वाचलंच नव्हतं. माणशी ५ डॉलर आणि गाडीचे १० डॉलर पडतात. तुम्ही तरी आधीच करून टाका.

दुसऱ्या खेपेला घाई नव्हती, तेव्हा कुठे हा रस्ता असा का वळतो ते लक्षात आलं. सगळा पूर्व माउई म्हणजे हालेआकाला हा एकच ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे त्याच्या उतारावर चढतात आणि सगळा पाऊस याच बाजूला ओततात. त्या पाण्याने लाव्हाच्या थरांत घळीमागून घळी कापल्या आहेत. रस्ता प्रत्येक घळीत आत शिरतो, ओढ्यावरचा पूल ओलांडतो, पुन्हा बाहेर येऊन समुद्र दाखवतो आणि पुढच्या घळीत घुसतो. एकदा हे कळलं की वळणांचा वैताग येत नाही. पुढे आत वळलो की पाणी असणार, हे आधीच माहीत असतं! डोंगराला वळसा घालून पलीकडे गेलात की पाऊस संपतो आणि सुकं गवत आणि उघडा लाव्हा सुरू होतो. डोंगर तोच, पण ओळखू येत नाही.

केआनाए मात्र चुकवू नका. हालेआकालावरून दरीतून उतरलेला लाव्हा समुद्रात जिथे पसरला, त्या सपाट जिभेवर हे गाव वसलंय. किनाऱ्याला वाळू नाही, काळे धारदार खडक आहेत आणि त्यांवर लाटा फुटतात. मागे पाण्याने भरलेल्या खाचरांत कालो लावलेला असतो. कालो म्हणजे आपला अळू. फक्त तिथे मान कांद्याला, पानांना नंतर. माझी आई असती तर गाडीतून उतरून आधी पानंच तपासली असती. १९४६ च्या त्सुनामीत गाव वाहून गेलं, पण लाव्हाच्या दगडांत बांधलेलं १८६० चं चर्च उभं राहिलं. मुख्य रस्ता सोडून खाली उतरावं लागतं, त्यामुळे घाईतले लोक वरूनच पुढे जातात. बाबांना बसायला जागा आहे, चढ-उतार नाही.

गाडी चालवण्याबद्दल थोडं. आरशात मागे कोणी चिकटलेलं दिसलं तर पहिल्या मोकळ्या जागेत बाजूला घ्या आणि त्याला जाऊ द्या. तो हानाचा माणूस असतो, कामाला किंवा दवाखान्यात निघालेला. आपल्यासारखा हिंडायला आलेला नसतो. एकेरी पुलावर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, ओळीने आलेल्या पाच-सहा गाड्या गेल्या की मग आपण. जाताना हात वर करा, तेही करतात. पेट्रोल रस्त्याच्या सुरुवातीच्या पाईआ गावात भरून घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण मध्ये मोबाइलला रेंज नसते. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा वाढलं तर लगेच बाहेर या. ऊन तुमच्या डोक्यावर असतं, पाऊस वर डोंगरात पडत असतो.

हानात मुक्काम केलात तर सकाळी सगळ्यात पहिली वेळ वाइआनापानापाची घ्या. दिवसाच्या गाड्या अजून वाटेत असतात. लाट मागे सरताना काळे गोटे एकमेकांवर घरंगळतात, त्या आवाजासाठी तरी किनाऱ्यावर दहा मिनिटं गप्प बसा. मग किपाहुलू, आणखी सोळा किलोमीटर. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. गाडीचं तिकीट ३० डॉलर, तीन दिवस चालतं आणि हालेआकालाच्या शिखरावरही तेच दाखवता येतं, तेव्हा दोन्ही त्याच तीन दिवसांत बसवा. बांबूच्या बनातून जाणारी पिपीवाईची पायवाट जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर आणि चढाची आहे. शेवटी सव्वाशे मीटरच्या आसपासचा धबधबा आहे, पण आई-बाबांचे गुडघे बघूनच ठरवा. किपाहुलूच्या पुढे वळसा घालून परत यायचा मोह होईल. त्याआधी भाड्याच्या गाडीचा करार वाचा. काहींमध्ये त्या रस्त्याला परवानगी नसते.

आणि एक. तिथे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे जाताना तुम्ही डोंगराला लागून असता. येताना कड्याची बाजू तुमची. तेव्हा ज्याचा हात जास्त बसलाय त्याने परतीला चालवा, आणि आईला उजव्या खिडकीशी बसवायच्या आधी एकदा विचारून घ्या.