हिवाळ्यातली बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लिंबोणीच्या दोन वर्षांच्या झाडावर प्लास्टिकची मोठी पिशवी घालून ती बुंध्याशी सुतळीने घट्ट बांधली होती. तरीही शेंड्याची सगळी पानं काळी पडली. असं का झालं?

उत्तर : माणसाने स्वेटर घातला की त्याच्याच अंगची ऊब आत टिकते. झाडाला अशी स्वतःची ऊब जवळपास नसतेच. रात्री त्याला ऊब मिळते ती दिवसभर तापलेल्या मातीतून. पिशवी बुंध्याशी बांधली की ती वाटच बंद होते. शिवाय पातळ प्लास्टिक बाहेरच्या हवेइतकंच गार पडतं. त्याच्या आतल्या बाजूला पाणी जमून गोठतं आणि टेकलेली पानं करपतात.

झाडाभोवती शेंड्यापेक्षा वीतभर उंच अशा चार काठ्या रोवा. त्यांवरून जुनी चादर किंवा गोणपाट थेट जमिनीपर्यंत सोडा आणि कडांवर विटा ठेवा. कापड पानांना टेकू देऊ नका. हे काम सूर्य मावळण्याच्या आत करा, कारण अंधार पडेपर्यंत मातीतली बरीच ऊब निघून गेलेली असते. पावसाची शक्यता असेल तर प्लास्टिक कापडाच्या वरून टाका. सकाळी हवा शून्याच्या वर गेली की सगळं काढा. उन्हात प्लास्टिकखाली पानं अक्षरशः भाजतात.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत आळ्यात पाणी द्या. ओली माती जास्त उष्णता साठवते आणि खालची ऊब वर आणते. भुसभुशीत कोरड्या मातीत हवा अडकलेली असते, तिच्यातून ऊब वर येत नाही. म्हणून थंडीच्या तोंडावर खुरपणी नको. पालापाचोळ्याचं जाड आच्छादन मुळांसाठी उत्तम, पण मातीतली ऊब ते खालीच कोंडून ठेवतं. ज्या रात्री झाडावर कापड टाकाल, त्या दिवशी सकाळीच आच्छादन बाजूला सारून मातीला ऊन लागू द्या. एरवी त्याचा थर ५ ते १० सेंमी पुरे. तो बुंध्यापासून चार बोटं दूर ठेवा, नाहीतर साल कुजते.

प्रश्न : अंदाज ३ अंशांचा होता, तरी सकाळी पानांवर हिमकण दिसले.

उत्तर : अंदाजातलं तापमान साधारण माणसाच्या उंचीवरच्या हवेचं असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतात. जड गार हवाही सखल भागात साचते. आकाश स्वच्छ, वारा शांत आणि अंदाज ४ अंश किंवा त्याहून कमी, एवढं जुळलं की झाकायचं. ढगाळ रात्री धोका बराच कमी असतो.

प्रश्न : कुंड्यांचं काय करावं?

उत्तर : कुंडीत मुळांना चहूबाजूंनी थंडी लागते आणि मुळं फांद्यांपेक्षा नाजूक असतात. कुंड्या भिंतीलगत एकमेकींना खेटून ठेवा. गोणपाट झाडाला नव्हे, कुंडीला गुंडाळा. खालच्या ताटल्या काढून टाका आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं; पाण्याने भरलेली मातीची कुंडी तडकते ती त्यामुळेच.

प्रश्न : खोडाला एकाच बाजूने उभी चीर पडली आहे. कीड असेल का?

उत्तर : चीर दुपारचं ऊन लागणाऱ्या बाजूला असेल तर बहुधा नाही. दिवसा उन्हाने साल तापते, तिच्या पेशी जाग्या होतात आणि सूर्य मावळताच त्या गोठून मरतात. कोवळ्या सालीच्या झाडांना हिवाळ्याआधीच पहिल्या फांदीपर्यंत चुना लावा, किंवा पांढऱ्या वॉटर-बेस्ड रंगात तेवढंच पाणी मिसळून तो लावा. ऑइलपेंट मात्र नको. पडलेल्या चिरेत काहीही भरू नका, तिच्या कडा झाड स्वतः मिटवत आणतं.

प्रश्न : करपलेल्या फांद्या लगेच छाटू का?

उत्तर : कृपा करून थांबा. छाटणीने कोवळी फूट येते आणि पुढच्या थंडीत तीच आधी मरते. वरची वाळलेली पानं खालच्या फांद्यांना थोडाफार आडोसाही देतात. नत्रयुक्त खतही आत्ता देऊ नका. थंडी सरून पालवी फुटू लागली की नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर हिरवं लागेपर्यंत खाली खरवडत या आणि जिवंत डोळ्याच्या थोडं वर काप द्या.