संशोधन प्रकल्पाचं अनुदान मंजूर झालं, पहिला हप्ता कॉलेजकडे आला. आता हिशेब कसा ठेवायचा?

आधी मंजुरीपत्रातली खर्चाची शीर्षं नीट वाचा: उपकरणं, मनुष्यबळ, रसायनं व काच-सामान, प्रवास, आकस्मिक खर्च, ओव्हरहेड (संस्थेचा वरखर्च). एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवायचे तर आधी लेखी परवानगी घ्या. खर्च करून मग पत्र पाठवलं की ती रक्कम अमान्य होऊ शकते.

केंद्राचा निधी असेल तर खरेदीला जीएफआर २०१७, म्हणजे केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम, लागू. वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मिळत असेल तर साधारणपणे तिथूनच घ्या. उपकरण आलं की त्याच दिवशी जीएफआर २२ नमुन्यातल्या नोंदवहीत चढवा आणि बिलावर नोंदवहीचं पान व अनुक्रमांक लिहा. बहुतेक ठिकाणी ऑडिटर इथेच अडतो: बिल आहे, नोंद नाही.

खरी धावपळ मार्चची. ३१ मार्चनंतरच्या तारखेचं बिल सरलेल्या वर्षात धरता येत नाही, म्हणून मोठ्या ऑर्डरी डिसेंबरपर्यंत काढा. मग खर्चाचं विवरण आणि जीएफआर १२-ए नमुन्यातलं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. दोन्हींतले आकडे रुपयापर्यंत जुळायला हवेत, नाहीतर पुढचा हप्ता लटकतो. खात्यात व्याज जमा झालं असेल तर ते वेगळं दाखवा. ते कॉलेजचं नव्हे, भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवरून सरकारजमा करायचं असतं.