सन त्झूची युद्धनीती पोलिसांना प्रत्यक्ष बंदोबस्तात उपयोगी पडते का?

पडते, पण सगळी नाही. सन त्झू म्हणजे प्राचीन चीनचा युद्धपंडित. त्याच्या ‘आर्ट ऑफ वॉर’ या पुस्तकात सातव्या प्रकरणाच्या शेवटी आहे, सैन्याला घेरलंत तर एक वाट मोकळी ठेवा. दगडफेकीत याच्याइतकं कामाचं मला ट्रेनिंगमध्येही कोणी शिकवलं नाही.

आमच्याकडे मिरवणुकीत दोन मंडळांची पोरं भिडली, चौकात दगड-बाटल्या सुरू झाल्या आणि वायरलेसवर साहेबांचा आदेश, चारही रस्ते बंद करा, एकपण सुटता कामा नये. अहो, मागं सरकायला जागाच नसली की घाबरलेलं पोरगंसुद्धा दगड उचलतं. मी एसटी स्टँडकडच्या बोळातली माणसं काढून घेतली आणि बाकी तीन बाजूंनी ढाली लावून, लाठ्या आपटत, सावकाश पुढं सरकायला लावलं. आधी बघे पळाले, मग चपला टाकून निम्मी पोरं, उरले ते खरे दगड मारणारे, आणि ते तिथंच हाती लागले. लाठी फारशी चालवावीच लागली नाही. तरी मला मेमो मिळाला, आरोपींना पळायला वाव दिला म्हणून!

हेच साहेब ऊठसूट चाणक्य सांगायचे. अर्थशास्त्रात क्रम साम, दान, भेद, दंड असा आहे, दंड सगळ्यात शेवटी. बघ्यांना दगडवाल्यांपासून तोडणं हा भेदच झाला की. आणि कायदा तरी वेगळं काय म्हणतो? तेव्हाचं सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १२९, आताचं बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १४८, आधी पांगायचा हुकूम, नाही ऐकलं तर बळ. पांगायला सांगायचं आणि वाट बंद करायची, मग माणसानं जायचं कुठं? लंडनमध्ये १ मे २००१ ला ऑक्सफर्ड सर्कस या चौकात पोलिसांनी निदर्शनातल्या लोकांना तासन्‌तास कोंडून ठेवलं, त्यात वाटेवरचे साधे लोकपण अडकले. २०१२ ला युरोपच्या मानवाधिकार कोर्टानं पोलिसांच्या बाजूनं निकाल दिला हे खरं, तरी माझ्या मते ती पद्धत चूकच.

आता हे ओलीस ठेवणाऱ्याला किंवा हत्यारबंद माणसाला लागू नाही, तिथं घेरा घट्टच हवा. मोकळी वाट कुठं निघते तेही आधी बघा, बाजारात किंवा दुसऱ्या गटाच्या गल्लीत निघत असेल तर ती उघडूच नका. आणि सन त्झूचं शत्रूला फसवायचं वगैरे पोलिसांनी सोडून द्यावं, समोरची पोरं आपल्याच गावची असतात, उद्या त्यांच्याच आईबापांकडून साक्ष घ्यायची असते.

मेमोच्या उत्तरात मी चौकाचा नकाशा काढून जोडला होता, बोळ दाखवून. साहेबांनी त्यावर शेवटपर्यंत शेरा मारला नाही.