बायको जपानी मालिका बघून रडते, माझं काय चुकतंय?

"मॅडम, मुलगा झोपला की ही कानात हेडफोन घालून जपानी लव्ह स्टोऱ्या बघत बसते आणि मुसमुसते. मी काही कमी केलंय का तिला?" टोकियोतल्या निशी-कसाईला राहणाऱ्या, आयटीत काम करणाऱ्या नवऱ्याचा हा प्रश्न. (दोघांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी समुपदेशक, माझ्याकडे असं विचारणारे बरेच येतात. कधी आई मुलीबद्दल विचारते, कधी सासू सुनेबद्दल, आणि मालिका बहुतेकदा कोरियन असतात. धास्ती एकच: पडद्यावरचे हिरो बघून घरातला माणूस नकोसा होईल का?

मी आधी नेहमीची चौकशी केली. झोप होते का, मुलाकडे दुर्लक्ष होतं का, लपूनछपून बघते का, बंद कर म्हटलं तर भडकते का. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, मालिका बघण्याचा नाही. तरी झोप आणि रोजची कामं कोलमडू लागली तर मी ते हसण्यावारी नेत नाही. इथे तसं काही नव्हतं. शिवाय जपानी मालिका आटोपशीर असतात. आठवड्याला एक भाग, तीन महिन्यांचा हंगाम, दहा-अकरा भागांत विषय संपला. आपल्यासारखं नाही, की सुनेची सासू झाली तरी चालूच.

आणि स्वप्नाळूपणाचं म्हणाल, तर 1991 ची 'टोकियो लव्ह स्टोरी' बघा. जीव ओतून प्रेम करणारी रिका बाजूला राहते आणि नायक शाळेतल्या मैत्रिणीशी लग्न करून मोकळा होतो. ही मालिका बघून कुणी हवेत तरंगायला लागेल असं मला तरी वाटत नाही.

म्हणून मी तासांचा हिशोब सोडला आणि तिला विचारलं, रडू नेमकं कुठल्या प्रसंगाला येतं?

तिने क्षणात सांगितलं. 2016 मध्ये टीबीएस या जपानी वाहिनीवर आलेली 'निगेरु वा हाजी दा गा याकु नी तात्सु'. शिकलेली पण नोकरी गेलेली मिकुरी हिरामासाकडे पगारी घरकाम करते. पुढे सोयीसाठी दोघं नवरा-बायको म्हणून राहू लागतात, पण आतून मालक आणि नोकर, करार करून. मिठीसाठीसुद्धा वार ठरलेला, मंगळवार. नवऱ्याला वाटलं, हिला ते मिठीचं बघूनच भरून येत असणार. चूक. तिला रडू येतं दहाव्या भागात. हिरामासा मिकुरीला खरंच मागणी घालतो, पण कशी, तर लग्न केलं की पगार द्यावा लागणार नाही, तेवढे पैसे वाचतील, हे आकडेमोडीने पटवून. यावर ती विचारते, म्हणजे मला फुकट वापरता येईल म्हणून लग्न? माझ्या प्रेमाचा असा फायदा घेणं मला मान्य नाही.

ही बायको नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळायची. नवऱ्याची बदली झाली, नोकरी सोडली. जपानला कुटुंबीय म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर वेगळी परवानगी काढली तर आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं, पण ती परवानगी काढायची राहूनच गेली. बालवाडीतून येणारे जपानी कागद ती वाचते. मुलाला ताप आला तर डॉक्टरांशी ती बोलते. कुठल्या दिवशी जाळायचा कचरा आणि कुठल्या दिवशी प्लॅस्टिक, हे तिलाच पाठ. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, त्याचं जपानी 'आरिगातो'च्या (म्हणजे 'धन्यवाद'च्या) पुढे सरकलेलं नाही. आणि तिचं जपानी सुधारलं ते याच मालिकांमुळे! (वॉर्ड ऑफिसात प्रेमप्रकरणातली वाक्यं कामाला येत नाहीत, हे तिनेच हसत सांगितलं.)

"पण मी तिला कधी पैसे मागायला लावले नाहीत," नवरा म्हणाला. खरं होतं ते. तिची तक्रारही पैशांची नव्हतीच. "माझं काम कुठे लिहिलेलंच नाही," इतकंच ती म्हणाली. हिशोब लिहिण्यात वर्षं घालवलेल्या बाईच्या तोंडी ते वाक्य किती जड होतं, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मी त्याला एकच काम दिलं: तो भाग तिच्यासोबत बघायचा आणि मध्ये बोलायचं नाही. पुढच्या सत्रात तो जरा ओशाळलेला होता. हिरामासाही सिस्टिम इंजिनिअरच. "मॅडम, तो अगदी माझ्यासारखं बोलतो हो. मीही घरभाड्याची एक्सेल शीट दाखवूनच हिला इथे यायला तयार केलं होतं."

शेवटच्या भागात मिकुरी आणि हिरामासा संसाराचे समान जबाबदार चालक व्हायचं ठरवतात, त्यासाठी बैठकासुद्धा घेतात. या दोघांनी तेवढं उचललं. महिन्यातला एक रविवार ठरला, वहीत दोघांची कामं लिहिली गेली. पहिल्याच बैठकीत भांडण झालं, कारण त्याने 'कचरा टाकणे' आपल्या खात्यात लिहिलं आणि वर्गवारी करणं तिच्याकडेच ठेवलं. आता दोन्ही त्याच्याकडे आहे, आणि बालवाडीचे कागद तो फोनवर भाषांतर करून वाचतो. तिने कामाच्या परवानगीचा अर्ज भरलाय. मुलाला तेवढा वेळ कोण सांभाळणार, यावर अजून एकमत झालेलं नाही. पुढच्या सत्राचा विषय तोच आहे.

मालिका चालूच आहेत. सध्या ती 2022 ची 'सायलेंट' बघतेय, ऐकू येईनासं झालेल्या तरुणाची. त्यातही रडते. "हे रडणं कशाचं?" असं नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, "अहो, गोष्टच रडायची आहे."