लेकीचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपवर

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे, चौदा वर्षांची. मी आणि मिस्टर दोघंही नोकरी करतो. क्लासवरून ती साडेपाचला येते आणि सात वाजेपर्यंत घरात एकटीच असते, म्हणून दिवाळीत मिस्टरांनी तिला आपला जुना फोन दिला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एकदा ती आंघोळीला गेली असताना मी तिचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपला जोडून घेतलं. पॅटर्न मला माहीत होता. दोन महिने रोज रात्री वाचतेय. बहुतेक सगळा फालतूपणा असतो. पण मागच्या आठवड्यात दोन गोष्टी वाचल्या. इन्स्टावर ओळख झालेल्या कुणा मुलाशी ती बोलते, तो पुण्याचा आहे म्हणतो. आणि मैत्रिणीला तिनं लिहिलंय, ‘आईला काही सांगण्यात अर्थ नाही, ती लगेच बाबांना सांगते.’ मुलाबद्दल विचारायचं तर मला कसं कळलं तेही सांगावं लागेल. मिस्टरांना यातलं काही ठाऊक नाही, पण ते एरवीही म्हणतात, फोन काढून घे. काय करू?
– एक आई, बार्शी

उत्तर : तुम्ही पत्रात आधी त्या मुलाबद्दल लिहिलंत आणि मैत्रिणीला लिहिलेलं वाक्य मागाहून. मी असते तर क्रम उलटा लावला असता. अनोळखी पोरगा आज हा आहे, उद्या दुसरा असेल. अडचणीत सापडल्यावर ही मुलगी कुणाकडे जाणार, हे मात्र त्या एका वाक्यात लिहून ठेवलंय.

माझीच एक गोष्ट सांगते. १९७८ साली आम्ही मिरजेला होतो. माझी जिवलग मैत्रीण हुबळीला गेली आणि आमची आंतरदेशीय पत्रं सुरू झाली. एकदा पत्र हातात आलं तर कडेला खळीचा डाग. वडिलांनी सुरीनं उघडून, वाचून, पुन्हा चिकटवलेलं. मी काही बोलले नाही. पुढची पत्रं शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर मागवली, पुढे तीन वर्षं. वडिलांना शेवटपर्यंत वाटत होतं की पत्रं थांबली.

तुमच्या मुलीला तर काकूंचीही गरज नाही. तिच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडलं की तुमचा लॅपटॉप तिथे दिसतो, शेवटचा कधी वापरला त्या वेळेसकट. बावीस वर्षं मी शाळेत कॉम्प्युटर शिकवला. नववीच्या पोरांना ही खिडकी माहीत नसते, असं समजू नका. तिला ते आज ना उद्या दिसणार, त्याआधी तुम्ही सांगा. याच रविवारी सांगा. मिस्टर भाजी आणायला गेले की बसा दोघी, आणि सरळ म्हणा, ‘मी दोन महिने तुझं व्हॉट्सॲप चोरून वाचत होते. मला भीती वाटत होती, पण तुला न विचारता वाचलं हे चुकलं. हे बघ, तुझ्यासमोर काढून टाकते.’ आणि खरंच तिच्या हातानं काढून टाकायला लावा. ती रडेल, दार आपटेल, दोन दिवस डबा न खाता परत आणेल. आणू द्या. तेवढा तिचा हक्क आहे. ‘तुझ्या भल्यासाठीच केलं’ हे वाक्य मात्र गिळून टाका.

मुलाचा विषय लगेच त्याच दमात काढू नका. एखाद-दुसरा दिवस जाऊ द्या, पण आठवडाभर ताणूही नका. त्याच्याविषयी तिला चारच गोष्टी विचारा. त्यानं व्हिडिओ कॉलवर कधी स्वतःचा चेहरा दाखवलाय का? फोटो मागितलाय का? इन्स्टा सोडून दुसऱ्या ॲपवर ये म्हणाला का? ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं म्हणालाय का? चारांपैकी एकाचंही उत्तर खटकलं तर ती त्याला एकटीनं भेटणार नाही आणि काहीही पाठवणार नाही, एवढं ठरवून घ्या. कदाचित तो खरोखर पुण्याचा नववीतला मुलगाच असेल, गणिताला कंटाळलेला. तसंही असतं.

आणि फोटो आधीच गेला असेल तर? मारू नका, फोन फोडू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा. कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका, दिला की मागणी वाढते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. मुलांसाठी १०९८ आहेच. मुलगी अठराच्या आतली आहे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२चा पॉक्सो कायदा तिच्या बाजूनं उभा आहे, आणि तिचं नाव छापायला त्यात मनाई आहे. ‘टेक इट डाऊन’ म्हणून एक मोफत सेवाही आहे. फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा कंपन्यांकडे जातो, आणि या सेवेत सामील असलेल्या साइट तो ठसा जुळला की फोटो उतरवतात. हे सगळं मुलीलाही सांगून ठेवा. तिच्या मैत्रिणीला उपयोगी पडेल म्हणून सांगा, म्हणजे ती ऐकेल.

आमच्या शाळेत सातवीतल्या एका मुलाला गेममधल्या कुणा ‘दादा’नं शर्ट काढून फोटो पाठवायला सांगितलं होतं. फोन रोज रात्री तपासणारे त्याचे वडील, त्यांना पत्ता नव्हता, कारण बोलणं गेमच्या आतल्या चॅटमध्ये चालायचं. त्यांच्या तपासणीत व्हॉट्सॲप, गॅलरी आणि कॉल एवढंच यायचं. मुलानं सांगितलं ते लॅबच्या शिपाईमावशींना. का, तर म्हणे ‘मावशी ओरडत नाहीत.’ मी त्याच खोलीत रोज पाच तास असायचे. मला नाही सांगितलं त्यानं. ते मला अजून टोचतं.

मग लक्षच ठेवायचं नाही का? ठेवायचं, पण उजेडात. इन्स्टाग्रामवर १३ ते १७ वयासाठी टीन अकाउंट असतं, भारतात ते २०२५च्या फेब्रुवारीपासून आलं. त्यात पालकाची देखरेख जोडली की गेल्या सात दिवसांत मुलगी कुणाकुणाशी बोलली ते दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. गूगलचं फॅमिली लिंकही किती वेळ, कुठलं ॲप हे दाखवतं, आतलं बोलणं नाही. या कंपन्यांच्या चांगुलपणावर माझा काडीचा विश्वास नाही, पण ही रेघ त्यांनी बरोबर ओढली आहे असं मला वाटतं. जोडताना मुलगी शेजारी असू द्या. दोघींना दिसतंय हे दोघींना माहीत असलं की ती देखरेख, नाहीतर हेरगिरी. नवव्या वर्षी फोन आईच्या हातात, चौदाव्या वर्षी नावं दिसावीत, सतराव्या वर्षी तेही हळूहळू सोडावं, असा माझा हिशोब आहे. तुमचा थोडा वेगळा असू शकतो.

मात्र वय खरं टाकलंय का ते आधी बघा. माझ्या लॅबमधली सहावीतली अर्धी मुलं इन्स्टावर २००० साली जन्मलेली होती! ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली, तसं इथेही करा, अशी पत्रं मला येतात. कायदा व्हायचा तेव्हा होईल, बार्शीत साडेपाच तर रोज वाजतात.

मिस्टरांचं म्हणणं, फोन काढून घे. पण काढून घेतला तर ती मैत्रिणीच्या फोनवरून लॉग-इन करेल, आणि मग नावंसुद्धा दिसणार नाहीत. त्यांना हवं तर दुसरं काम द्या. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. मुलांचे आणि बापांचेही. तुमच्या घरातला भोंगा त्यांनी वाजवावा, स्वतःचा फोन आधी कपाटात ठेवून.

आणि शेवटची अट तुमच्यासाठी. तिनं काही सांगितलं तर ते बाबांच्या कानावर घालायचं की नाही, हे तिला विचारून ठरवा. जिवावरचं, फसवणुकीचं किंवा कुणी त्रास देण्याचं असेल तर सांगणार, हेही तिला आधीच सांगून ठेवा. बाकीचं पोटात ठेवा. दोन महिने लॅपटॉपचं गुपित ठेवलंत ना, जमतं तुम्हाला.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा, मे महिन्यात मुंबईहून येतो. मोबाइल समोर असल्याशिवाय घास घेत नाही. सूनबाई म्हणते, तो फक्त कार्टून बघतो. मी मागून डोकावून पाहू का?
– एक आजोबा, कणकवली

उत्तर : आजोबा, डोकावू नका, शेजारी मांडी घालून बसा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसातून जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली सांगितलंय. यूट्यूब किड्सवर आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, ती सूनबाईंकडून करून घ्या. सल्ला म्हणून नको, ‘मला जमत नाही गं’ म्हणून. घासाचं म्हणाल, तर मे महिना आहे, अंगणात फणस असेलच. त्याला गरे काढायला बसवा. चिकानं बोटं चिकटली की फोन धरता येत नाही. हाताला खोबरेल लावायचं तेवढं जरा विसरा.