'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे, जिना

दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हाच्या खडकांना भूशास्त्रात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; या संज्ञेला मराठीत 'दख्खनचा सापळा' म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. मुळीच म्हणू नये. 'लाव्हाच्या सापळ्यात सापडलेला महाराष्ट्र' हे शब्द मी एका व्याख्यानात कानांनी ऐकले आहेत आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

हा 'ट्रॅप' स्वीडिश 'ट्रापा' या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ जिना असा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे त्यांतील सलग, कठीण थरांचे उभे कडे उरले आणि मधले सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून सपाट्या तयार झाल्या. श्रावणात माळशेजच्या डोंगराकडे नीट पाहावे: काळा कडा, त्यावर हिरव्या गवताची पट्टी, पुन्हा काळा कडा, पुन्हा पट्टी, आणि पाणी प्रत्येक पट्टीवर जरा टेकून मग खाली उडी घेते. आपल्या कित्येक गडांची माची ही माझ्या मते याच जिन्याची एक रुंद पायरी आहे, आणि बालेकिल्ला ही तिच्यावरची पुढची.

त्याहून मोठा आनंद 'घाट' या शब्दात आहे. संस्कृत 'घट्ट' म्हणजे पाण्याकडे उतरण्याची जागा. नदीचा घाट पायऱ्यांचा आणि डोंगराचा घाटही चढउताराचाच, जसा दगडी पायऱ्यांचा नाणेघाट. 'वरघाट', 'तळघाट' अशी बोली ऐकून परकीयांनी वाटेचे नाव चुकून डोंगररांगेला दिले असावे, असा तर्क 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६च्या कोशाने केला आहे. तो मला साफ अमान्य आहे. 'घाटमाथा' हा शब्द कोणा परकीयाने आपल्याला शिकवलेला नाही, आणि 'घाटावरचा माणूस' असे म्हणताना कोकणातल्याच्या मनात एखादी वाट नसते, आकाशाला टेकलेली सगळी रांग असते. म्हणजे जो जिना स्वीडिश खनिजशास्त्रज्ञांना त्यांच्याकडच्या खडकांत दिसला, तोच आमच्या लोकांना सह्याद्रीत त्यांच्या कितीतरी आधी दिसला होता, असे मी मानतो.

भाषांतर हवेच असेल तर 'दख्खनचे सोपान-पाषाण' म्हणावे. मी स्वतः 'दख्खनचा ट्रॅप' असेच लिहितो.